दुष्काळ गेला, गारपीट आली: नाशिकच्या शेतीची पार्श्वभूमी

नाशिक जिल्ह्यात पाऊस कधीच सगळीकडे सारखा नव्हता. इगतपुरी, पेठ, सुरगाण्यात भातखाचरं तुडुंब भरतात, तेव्हा येवला-नांदगावात ढग नुसते डोक्यावरून जातात.

बागलाणात, मोसम नदीच्या काठी, यावर शेकडो वर्षांचा तोडगा होता: फड. नदीला दगडी बंधारा, तिथून पाट आणि पाटाखालच्या शिवाराचे तीन-चार फड. एका फडात सगळ्यांचं एकच पीक. शेतकऱ्याची जमीन मात्र थोडी थोडी प्रत्येक फडात. पाणी कमी असलं की एखादा फड कोरडा ठेवायचा, म्हणजे झळ सगळ्यांनाच लागायची, पण बुडायचं कोणी नाही. पाणी फिरवायचा पाटकरी, त्याची मजुरी धान्यात. आजच्या पीकविम्यापेक्षा मला तरी यात जास्त शहाणपण दिसतं. पुढे वर धरणं झाली, विहिरी वाढल्या, नदीची धार आटली आणि फड मोडत गेले.

1972 च्या दुष्काळात शेतकरीसुद्धा सरकारी दुष्काळी कामांवर खडी फोडायला गेला. त्यातूनच रोजगार हमीचा 1977 चा कायदा आला. निफाड-दिंडोरीत मात्र कालवे आणि विहिरींच्या जोरावर द्राक्षबागा उभ्या राहिल्या. ओझरला सामाजिक कार्यकर्ते बापू उपाध्ये यांच्या पुढाकाराने वाघाड धरणाच्या शेतकऱ्यांनी पाणीवापर संस्था काढल्या; फडातला पाणी वाटून घेण्याचा विचार तिथे वेगळ्या रूपात दिसतो.

पाण्याचा घोर कमी झाला, पण संकटाने रूप बदललं. द्राक्षाला एप्रिलची खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी), ऑक्टोबरची गोडी छाटणी (फळासाठी), मग विरळणी म्हणजे घडातले जादा मणी काढणं, डिपिंग म्हणजे घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणं, फवारण्या. वर्षभर पैसा ओतायचा आणि ऐन मण्यात पाणी भरताना आभाळाकडे बघत बसायचं. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आणि 26 नोव्हेंबर 2023 चा तडाखा निफाडकर विसरलेले नाहीत. त्यानंतर पंधरवड्याच्या आतच कांद्याची निर्यातबंदी आली. आस्मानीचा पंचनामा तरी होतो, सुलतानीचा कोण करणार?

बागेतली विरळणी करतात ती बहुतेक पेठ-सुरगाण्याची माणसं. भात-नागली (नाचणी) निघाली की टोळीने खाली उतरतात. गारपिटीने बाग झोपली की त्यांचीही मजुरी बुडते, पण भरपाई सातबाऱ्यावर नाव असलेल्याला मिळते, मजुराला नाही.