सिम्बांग गाबी

फिलिपिन्समधे ख्रिसमसच्या आधी नऊ दिवस, १६ ते २४ डिसेंबर, चर्चमधे रोज पहाटे जी मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची सामूहिक उपासना, होते ती सिम्बांग गाबी. तसं तिकडे ख्रिसमसचं वारं सप्टेंबर उजाडला की लगेच सुटतं, मॉलमधे गाणी वाजायला लागतात, पण फिलिपिनो माणसाला हा सण किती जवळचा आहे हे बघायचं तर ही पहाटच बघावी. माळा कोणीही लावतं, नऊ दिवस साडेतीनला उठून अख्ख्या घरादाराने चर्च गाठणं ही वेगळीच गोष्ट आहे.

प्रथा स्पॅनिश राजवटीतली. शेतकऱ्यांना ऊन चढायच्या आत शेतावर जायचं असायचं म्हणून मिस्सा पहाटे ठेवली, आता लोक ऑफिसात नि कॉल सेंटरमधे जातात तरी बऱ्याच ठिकाणी चारची वेळ कायम आहे, शहरांत मात्र आदल्या संध्याकाळीही मिस्सा असते. नऊच्या नऊ दिवस चुकवले नाहीत तर मनातली इच्छा पूर्ण होते अशी श्रद्धा आहे.

मिस्सा सुटली की बाहेर गाड्यांवर गर्दी. बिबिंग्का हा तांदळाचा केक करताना मातीच्या भांड्यात केळीचं पान घालून त्यावर तांदळाच्या पिठाचं नि नारळाच्या दुधाचं मिश्रण ओततात, खाली निखारे, वर पत्र्याच्या झाकणावर पण निखारे, मग खारवलेलं अंडं, चीज, लोणी नि खवलेला नारळ, पानाचा करपट वास त्यात उतरतो तीच खरी मजा. दुसरा पदार्थ जांभळा पुतो बुम्बोंग, हा बांबूच्या नळीत वाफवतात. सोबत सालाबात, म्हणजे आल्याचा गरम चहा.

दारोदारी पारोल लटकतात, बांबूच्या काड्या नि कागदाचे चांदणीच्या आकाराचे, आपल्या आकाशकंदिलासारखेच. पाम्पांगा प्रांतातल्या सान फर्नांडो शहरात याचीच मोठी स्पर्धा असते, कंदील वीसेक फूट उंच, हजारो बल्ब, आणि त्यांची उघडझाप चालते पत्र्याच्या मोठ्या पिंपांवर. पिंपावर चिकटपट्टीची नक्षी केलेली असते, वायरींना जोडलेल्या केसांच्या पिना त्यावर घासतात, पट्टी आली की बल्ब विझतो, उघडा पत्रा आला की पेटतो, आणि बँडच्या तालावर माणसं हाताने पिंप फिरवतात. कारागिरी म्हणून हे थोर आहे!

२४ च्या मध्यरात्री नोचे ब्वेना ही घरची मेजवानी, म्हणजे हॅम, लाल मेणातलं गोल चीज, गोडसर स्पॅगेटी. दुसऱ्या दिवशी मुलं गॉडपेरेंट्सकडे, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मानलेल्या आईबापांकडे जातात, मोठ्यांचा हात कपाळाला लावून आशीर्वाद घेतात नि पैसे मिळवतात. खर्च भागतो तो बोनसवर, कारण तेराव्या महिन्याचा पगार २४ डिसेंबरच्या आत देणं १९७५ पासून कायद्यानेच बंधनकारक आहे, शिवाय परदेशातल्या नातेवाइकांची भेटवस्तूंनी भरलेली खोकी महिनोन् महिने आधी जहाजाने निघालेली असतात. ते नातेवाईक आखाती देशांत असले तर तिथल्या चर्चमधे सिम्बांग गाबी करतात, ड्युटी सांभाळून, बहुतेकदा संध्याकाळी.