राजाची कबर न उघडता राजाचा डीएनए

लिथुएनियाचा ग्रँड ड्यूक गेदिमिनास 1341 मध्ये गेला. त्याचा नातू योगायला 1386 मध्ये बाप्तिस्मा घेऊन, पोलंडच्या याद्विगा राणीशी लग्न करून तिथला राजा झाला, आणि त्याच्या वंशातला शेवटचा राजा झिग्मुंट ऑगस्ट 1572 मध्ये वारला तेव्हा त्याला मूलबाळ नव्हतं. म्हणजे बापाकडून मुलाकडे चालत आलेली ती शाखा तिथेच खुंटली. तरी योगायलाचा वाय क्रोमोसोम कसा होता हे आज बऱ्यापैकी खात्रीने सांगता येतं, आणि मला ही गोष्ट खरंच फार भारी वाटते.

वाय क्रोमोसोम फक्त बापाकडून मुलाला मिळतो आणि जवळजवळ जसाच्या तसा, दोन-तीन पिढ्यांत कुठेतरी डीएनएचं एखादं अक्षर बदलतं, बास. गेदिमिनासला सात मुलगे होते. त्यातल्या नारिमांतासच्या वंशात रशियातले गोलित्सिन आणि खोवान्स्की आले, अल्गिर्दासच्या वंशात त्रुबेत्स्कोय आले, आणि योगायला हा पण अल्गिर्दासचाच मुलगा. आता ह्या घराण्यांतल्या आजच्या पुरुषांच्या टेस्ट केल्या तर वाय जुळतो. दोन चुलत शाखा, साडेसहाशेहून जास्त वर्षं वेगळ्या वाढलेल्या, आणि त्यांच्यात जे सारखं ते वर गेदिमिनासकडूनच आलेलं असणार, मग ते मधल्या योगायलाकडेही असणारच की!

हा वाय निघाला हॅप्लोग्रुप एन मधला (हॅप्लोग्रुप म्हणजे एकाच दूरच्या पूर्वजाकडून आलेल्या वायचा गट). लिथुएनियात आजही दहातल्या साधारण चार पुरुषांकडे हाच ग्रुप आहे, फिनलंडकडे तर त्याहून जास्त. हे महत्त्वाचं का, तर सोळाव्या शतकातल्या लिथुएनियन बखरींत लिहिलंय की तिथले राजे आणि सरदार म्हणजे नीरोच्या काळात रोमहून पळून आलेल्या पालेमोनचे आणि त्याच्यासोबतच्या 500 कुळांचे वंशज. तिकडे मॉस्कोवाले लिहायचे की गेदिमिनास हा आधीच्या राजाच्या तबेल्यातला मोतद्दार. मोतद्दाराचा प्रश्न डीएनएने सुटत नाही, त्याला 1323 चं रीगा शहराचं पत्र आहे ज्यात आधीचा राजा व्हितेनिस त्याचा भाऊ म्हटलाय. पण रोमची कथा मात्र ह्या वायशी काही जुळत नाही, ही माणसं बाल्टिकच्या मातीतलीच दिसतात. रशियाच्या रुरिक घराण्यातल्या बऱ्याच शाखांतही एनच सापडतो, पण उपशाखा वेगळी, त्यामुळे दोघांना सख्खे भाऊबंद म्हणता येत नाही.

भाऊबंदकी मात्र ह्या घरात भरपूर. 1382 मध्ये योगायलाने सख्खा काका कॅस्तुतिस क्रेवाच्या किल्ल्यात कोंडला, तो तिथेच मेला, आणि काकाचा मुलगा व्हिताउतास दासीचे कपडे घालून निसटला.

आता खरी उत्सुकता पुढे आहे. योगायलाची चौथी बायको सोफिया, लग्न 1422 मध्ये, नवऱ्याची साठी तेव्हा उलटलेली किंवा उलटायला आलेली आणि ती अगदी तरुण. 1427 मध्ये तिच्यावर व्यभिचाराचा आरोप झाला, तिने शपथ घेऊन तो धुऊन काढला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कासिमिर जन्मला, त्याच्यानंतरचे ह्या घराण्यातले सगळे राजे त्याच्याच वंशातले. कासिमिरचा मुलगा अलेक्झांडर 1506 मध्ये वारला, तो व्हिल्नियसच्या कॅथेड्रलमध्ये पुरलेला आहे. 1931 च्या पुरानंतर त्याची कबर सापडली, आणि 1939 मध्ये युद्ध सुरू झाल्यावर लपवलेले अंत्यविधीचे मुकुट, अंगठ्या वगैरे डिसेंबर 2024 मध्ये त्याच कॅथेड्रलच्या तळघरातून परत मिळाले. ह्या अलेक्झांडरच्या हाडातला किंवा दातातला वाय चांगला वाचता आला आणि तो गोलित्सिन-त्रुबेत्स्कोयशी जुळला, तर सोफियाने तेव्हा घेतलेल्या शपथेला सहाशे वर्षांनी एक साक्षीदार मिळेल.