संगणकासाठी मॉनिटर घ्यावा की टीव्ही?

सोलापुरात नवी पेठेतल्या एखाद्या दुकानात संगणकासाठी स्क्रीन घ्यायला गेलेल्या माणसापुढे हमखास एक पेच उभा राहतो. एकीकडे २४ इंची मॉनिटर ठेवलेला असतो, शेजारी ३२ इंची टीव्ही असतो, दोन्हींच्या किमतींत फारसे अंतर नसते आणि संगणकाचे चित्र आणि आवाज स्क्रीनपर्यंत नेणारी एचडीएमआयची केबल दोन्हींना लागते. टीव्हीबरोबर स्पीकर आणि रिमोटही येतात. मग त्याच पैशांत लहान स्क्रीन का घ्यावी, हा प्रश्न रास्त आहे आणि ‘मॉनिटर तो मॉनिटरच’ एवढ्या उत्तराने कोणाचे समाधान होऊ नये.

पहिला हिशेब ठिपक्यांचा, म्हणजे पिक्सेलचा आहे. ३२ इंची ‘एचडी रेडी’ टीव्हीवर आडवे १३६६ आणि उभे ७६८, म्हणजे साधारण साडेदहा लाख पिक्सेल असतात. २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर १९२० गुणिले १०८०, म्हणजे पावणेएकवीस लाखांच्या आसपास असतात. स्क्रीन मोठी आणि ठिपके निम्मे, त्यामुळे टीव्हीवर एका इंचात जेमतेम ४९ पिक्सेल येतात, तर मॉनिटरवर ९२. टीव्ही पाहताना आपण दोन-अडीच मीटर लांब बसतो, म्हणून तिथे हा विरळपणा जाणवत नाही. टेबलावर डोळे आणि स्क्रीन यांत साठ-सत्तर सेंटिमीटरच अंतर उरते आणि अक्षरांच्या कडांना पायऱ्या दिसू लागतात. त्यात असे अनेक टीव्ही संगणकाकडून फुल एचडी चित्र स्वीकारतात आणि ते आपल्या कमी पिक्सेलमध्ये दाबून बसवतात. देवनागरीत याचा त्रास अधिक होतो, कारण अनुस्वार, रफार आणि जोडाक्षरांतील बारीक रेषा सर्वांत आधी पुसट होतात. ३२ इंची एचडी रेडी टीव्ही लिखाणासाठी किंवा हिशेबाच्या कामासाठी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मॉनिटरशी खरी बरोबरी करू शकतो तो ४३ इंची फोर-के, म्हणजे ३८४० गुणिले २१६० पिक्सेलचा टीव्ही. त्याच्यावर इंचाला सुमारे १०२ पिक्सेल येतात, म्हणजे २७ इंची, २५६० गुणिले १४४० पिक्सेलच्या मॉनिटरच्या (सुमारे १०९) जवळपास. मात्र त्याची रुंदी सुमारे ९५ सेंटिमीटर भरते. साध्या टेबलावर तो ठेवला, तर कोपऱ्यातले घड्याळ पाहण्यासाठीही मान वळवावी लागते, आणि त्याचे दोन पाय दोन टोकांना असल्यामुळे टेबलही तेवढे लांब लागते. तो भिंतीवर लावून टेबल थोडे मागे ओढता येत असेल, तरच या आकाराचा विचार करावा.

पिक्सेल पुरेसे असले तरी दुसरा फरक उरतोच, आणि माझ्या मते तोच अधिक महत्त्वाचा आहे. मॉनिटर संगणकाने पाठवलेला प्रत्येक ठिपका शक्यतो आहे तसा दाखवतो; टीव्ही आलेले चित्र आधी ‘सुधारतो’ आणि मग दाखवतो. हे समजून घ्यायला सोलापूरकराला लांब जावे लागत नाही. पूर्व भागातील यंत्रमागांवर विणल्या जाणाऱ्या चादरीचे जेकार्ड (मागावर विणूनच काढलेल्या नक्षीचे) डिझाइन पूर्वी ग्राफच्या कागदावर रंगवत आणि आता संगणकावर करतात. त्यातला एक चौकोन म्हणजे उभ्या आणि आडव्या धाग्याची एक गाठभेट. निळ्या जमिनीवर एकाच चौकोनाच्या रुंदीची लाल रेघ असेल, तर ती स्क्रीनवरही तेवढ्याच रुंदीची आणि तेवढीच लाल दिसली पाहिजे. अनेक टीव्ही मात्र मूळ सेटिंगमध्ये प्रत्येक पिक्सेलचा उजेड वेगळा ठेवून रंगाची माहिती आजूबाजूच्या पिक्सेलमध्ये वाटून टाकतात. ४:२:० या पद्धतीत तर चार पिक्सेल मिळून रंगाची एकच नोंद असते. माणसाच्या डोळ्याला उजेडातील बारकावे रंगातील बारकाव्यांपेक्षा जास्त नेमके कळतात, म्हणून चित्रपटात ही काटकसर ओळखूही येत नाही, आणि चित्रफितींसाठी ती मुद्दाम वापरली जाते. पण निळ्यावरची ती लाल रेघ मळकट होऊन शेजारच्या चौकोनांत उतरते. माझ्या ओळखीच्या एका डिझायनरने मोठ्या हौसेने ४३ इंची टीव्ही जोडला आणि पहिले दोन दिवस आपल्या सॉफ्टवेअरमध्येच बिघाड झाला आहे असे समजून तो ते पुन्हा पुन्हा बसवत राहिला.

यावर उपाय आहे. बऱ्याच टीव्हींमध्ये त्या एचडीएमआय जोडणीचे नाव किंवा चिन्ह ‘पीसी’ असे बदलले, की टीव्ही ४:४:४ म्हणजे प्रत्येक पिक्सेलचा पूर्ण रंग दाखवू लागतो आणि आपली बरीचशी ढवळाढवळ थांबवतो. सगळ्यांत ही सोय नसते. शिवाय संगणकाची जोडणी तेवढी माहिती वाहून नेणारी हवी. एचडीएमआय १.४ वरून फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच जाते आणि माऊसचा बाण ओढल्यासारखा हलतो. ६० वेळा आणि पूर्ण रंगासह ते पाठवायचे तर एचडीएमआय २.० तरी लागते. जुन्या लॅपटॉपला नवा फोर-के टीव्ही जोडणाऱ्यांची निराशा बहुधा इथेच होते, आणि दोष मात्र टीव्हीवर येतो. मॉनिटरला अनेकदा डिस्प्लेपोर्ट ही एचडीएमआयसारखीच दुसरी जोडणीही असते, ते टीव्हीवर क्वचितच सापडते.

टीव्हीची आणखी एक जुनी सवय म्हणजे चित्र किंचित मोठे करून कडा कापणे. काचेच्या नळीच्या टीव्हींच्या काळात कडेचा भाग नीट दिसत नसे, म्हणून ही पद्धत पडली आणि अजून टिकून आहे. तिच्यामुळे संगणकाचा टास्कबार अर्धा गायब होतो आणि उरलेले चित्र ताणले गेल्याने सगळीच अक्षरे धूसर होतात. चित्राच्या आकाराचे सेटिंग ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ केले, की हा दोष जातो. चित्र गुळगुळीत करण्याच्या प्रक्रियांना वेळही लागतो, त्यामुळे कळ दाबल्यानंतर अक्षर उमटेपर्यंतचा विलंब बोटांना जाणवतो. ‘गेम मोड’ चालू केल्यावर तो बराच कमी होतो. काळा रंग राखाडी दिसत असेल, तर संगणक आणि टीव्ही यांची रंगमर्यादा जुळलेली नाही असे समजावे. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या उजेडाचे आकडे एकाने ० ते २५५ आणि दुसऱ्याने १६ ते २३५ धरले की असे होते.

लहानसहान गोष्टींत मॉनिटर सोयीचा ठरतो. संगणक झोपला की तो झोपतो आणि जागा झाला की जागा होतो, तर टीव्हीला बहुधा दर वेळी रिमोट शोधावा लागतो. ओएलईडी, म्हणजे प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळणाऱ्या टीव्हीवर एकाच जागी तासन्‌तास राहणाऱ्या टास्कबारचा कायमचा डाग पडण्याचा धोका असतो. आपल्याकडे उन्हाळ्याच्या दुपारी पश्चिमेच्या खिडकीतून येणारा उजेड चकचकीत स्क्रीनवर आरशासारखा पडतो. बहुतेक मॉनिटरचा पृष्ठभाग मंद असल्याने तिथे डोळ्यांना आराम मिळतो.

टीव्ही सरस ठरतो अशी कामे अर्थातच आहेत. शिकवणीच्या वर्गात वीस मुलांना एकाच वेळी पाठ दाखवायचा असेल, दुकानात गिऱ्हाइकाला टॉवेल-चादरींचे नमुने लांबून दाखवायचे असतील किंवा दिवसा थोडे काम आणि रात्री घरच्यांबरोबर चित्रपट असा बेत असेल, तर टीव्हीच घ्यावा. मोठ्या स्क्रीनवरच्या कराची अडचणही आता उरलेली नाही: ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवर आणि मॉनिटरवर पूर्वी २८ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला आहे.

टीव्हीकडेच मन ओढत असेल, तर आपला लॅपटॉप आणि केबल घेऊन दुकानात जावे. निळ्या जमिनीवर लाल आणि काळ्यावर जांभळी अशी बारीक मराठी अक्षरे असलेले पान आधी तयार करून न्यावे, दुकानदाराला जोडणीचे नाव ‘पीसी’ करायला सांगावे, चित्राच्या चारही कडा पूर्ण दिसतात का ते पाहावे आणि मग घरच्या टेबलाएवढ्याच अंतरावर खुर्ची ओढून दहा मिनिटे ते पान वाचावे. उभे राहून, चार पावले लांबून पाहू नये, कारण तेवढ्या अंतरावरून सगळेच टीव्ही सुंदर दिसतात.