पेटीतलं बाळ आणि दाराबाहेरची आई

कमी दिवसांचं बाळ जन्मलं की नातेवाइकांना पहिला निरोप जातो, "बाळाला पेटीत ठेवलंय." आई वॉर्डात, बाळ एनआयसीयूत म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात, मध्ये बंद दार. ही ताटातूट उपचाराचाच भाग आहे असं बहुतेक घरांत धरून चाललं जातं. ती कुठून आली हे पाहिलं, तर उपचारापेक्षा जुन्या भीतीचा वाटा त्यात मोठा दिसतो.

पेटीचा जन्म पॅरिसचा. स्तेफान तार्निए या प्रसूतितज्ज्ञाने तिथल्या प्राणिसंग्रहालयात कोंबडीची अंडी उबवायची यंत्रं पाहिली आणि तशीच ऊबदार पेटी 1880च्या सुमारास मातेर्निते रुग्णालयात बसवून घेतली. खाली गरम पाणी, वर बाळं. दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांतला मृत्युदर 66 टक्क्यांवरून 38 वर आला. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या त्वचेखाली चरबी जवळजवळ नसते, वजनाच्या मानाने अंगाचा पृष्ठभाग मोठा असतो, त्यामुळे ते झपाट्याने गार पडतं. त्याला ऊब मिळाली, एवढ्यानेच हा फरक पडला. तार्निएनंतरच्या प्येर ब्युदाँ यांचा आईच्या दुधावर भर होता. बाळापासून तुटलेल्या आईची ओढ कमी होते, हेही त्यांनी लिहून ठेवलं आहे.

आईचा हा विचार नंतर मागे पडला. अमेरिकेत मार्टिन कूनी यांनी कोनी आयलंडच्या जत्रेत 1903 ते 1943 या काळात अशी बाळं पेट्यांत ठेवली. प्रेक्षकांच्या तिकिटांतून खर्च भागे, आईवडिलांकडून पैसे घेतले जात नसत. 1922मध्ये शिकागोत ज्युलियस हेस यांनी कमी दिवसांच्या बाळांसाठी खास कक्ष उघडला. प्रतिजैविकं आलेली नव्हती आणि एका बाळाचा जुलाब किंवा न्यूमोनिया अख्ख्या कक्षात पसरे. म्हणून अशा कक्षांत बाळाला कमीत कमी हात लावायचा, बाहेरच्यांना आत घ्यायचं नाही, असे नियम झाले. बाहेरच्यांत आईही आली. त्या काळी ते समजण्यासारखं होतं. औषधं आल्यावरही दार बंदच राहिलं, हे मात्र निव्वळ सवयीने. 1970मध्ये स्टॅनफर्डच्या डॉक्टरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला: हात धुवून, गाऊन घालून आयांना आत सोडलं, तरी संसर्ग वाढला नाही.

खरं वळण कोलंबियातल्या बोगोटात आलं. 1978मध्ये तिथल्या माता-बाल रुग्णालयात पेट्या अपुऱ्या, एका पेटीत दोन-दोन बाळं, संसर्ग भरपूर. एदगार रे यांनी बाळं आयांच्या उघड्या छातीवर बांधायला सुरुवात केली. एक्तोर मार्तिनेझ यांनी ते काम पुढे नेलं. हीच कांगारू पद्धत.

ती नीट करणं महत्त्वाचं. बाळाच्या अंगावर फक्त लंगोट, टोपी, मोजे. दोन्ही स्तनांच्या मध्ये उभं, छातीला छाती, पाय बेडकासारखे फाकलेले. डोकं एका बाजूला वळवून मान किंचित वर. हनुवटी छातीत रुतली तर श्वासनलिका दबते आणि बाळ निळं पडू शकतं. सर्वांत घातक चूक हीच. वरून मऊ सुती कापडाने बाळ कानाच्या पातळीपर्यंत घट्ट बांधायचं, आईने मागे रेलून बसायचं. एका वेळी किमान एक तास, कारण सतत काढ-घाल केल्याने बाळ दमतं. नाकातली दुधाची नळी किंवा ऑक्सिजन चालू असला तरी परिचारिकेच्या मदतीने हे जमतं. वडिलांच्या छातीवरही चालतं.

तरी कित्येक वर्षं नियम राहिला, बाळ आधी स्थिर होऊ दे, मग कांगारू. तो 2021मध्ये मोडला. भारत, घाना, मालावी, नायजेरिया आणि टांझानियात 1 ते 1.8 किलोच्या बाळांना जन्मल्याबरोबर छातीवर घेतलं आणि आईला एनआयसीयूतच खाट दिली. दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय त्यात होतं. पहिल्या 28 दिवसांतले मृत्यू 15.7 टक्क्यांवरून 12 वर आले. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस बदलली.

दुधाच्या बाबतीत मुंबई पुढे होती. शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. इतर आयांनी दिलेलं तिथलं दूध जंतू मारण्यासाठी 62.5 अंशांवर 30 मिनिटं तापवतात, म्हणजे पाश्चराइज करतात. त्यात काही संरक्षक घटक कमी होतात, म्हणून स्वतःच्या आईचं दूध केव्हाही पहिलं. प्रसूतीनंतर शक्यतो तासाभरात हाताने चीक काढायला लागावं, मग दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. सुरुवातीला थेंबच निघतात. तेही नळीतून बाळाला जातात. गर्भारपणापासून मोजलेले साधारण 34 आठवडे होईपर्यंत बाळाचं चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ बसत नाही. घाईने तोंडाने पाजलं तर दूध फुफ्फुसात जाऊ शकतं.

2017पासून केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांतही आईवडिलांना नवजात कक्षात शिकवून सहभागी करायचं म्हटलं आहे: हात धुणं, दूध पाजणं, कांगारू, घरी नेण्याची तयारी. तेव्हा आत जाऊ द्या असं विचारताना संकोच नको. बांगड्या, अंगठ्या, घड्याळ काढून कोपरापर्यंत दोन मिनिटं हात धुवावेत. सर्दी-ताप असेल त्या दिवशी बाहेर थांबावं.

आणखी एक प्रश्न डिस्चार्जआधी विचारायचाच. 1940-50च्या दशकांत भरमसाट ऑक्सिजनमुळे हजारो बाळांची दृष्टी गेली, आणि तो धोका आजही आहे. 34 आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांतला पडदा जन्मापासून 30 दिवसांच्या आत तपासून घ्यावा, 28 आठवड्यांआधी जन्मलेल्याचा दोन-तीन आठवड्यांतच. बाळ तोवर घरी आलेलं असलं, तरी ही तारीख चुकवू नये.