महाविद्यालयीन टेनिस प्रशिक्षक (बेळगाव सीमाभाग)

व्यावसायिक टेनिस थांबवून महाविद्यालयाचा संघ घडवणारा माजी खेळाडू. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे तालमीतला ‘वस्ताद’ घरोघरी ठाऊक असतो. टेनिस शिकवणारा मात्र नुसता ‘सर’.

नेमणूक : विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत शारीरिक शिक्षण संचालकाच्या कायम पदासाठी साधारणपणे त्या विषयातली पदव्युत्तर पदवी (५५ टक्के) आणि नेट, सेट (प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा) किंवा पीएच.डी. लागते. कोवळ्या वयात शिक्षण मागे टाकलेला खेळाडू इथेच अडतो आणि मानधनावर किंवा कंत्राटावर राहतो. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची (स्थापना १९६१) प्रशिक्षण पदविका उपयोगी खरी, पण ती या पदवीची जागा घेत नाही.

शिकवणे : चांगला खेळाडू चांगला शिक्षक होतोच असे नाही. जे त्याच्या अंगवळणी पडलेले असते, ते त्याला सुटे करून सांगता यावे लागते. नवखे प्रशिक्षक हमखास चुकतात ते इथे : मुलांशी स्वतःच रॅली (चेंडू सलग इकडून तिकडे मारत राहणे) खेळत बसतात. त्यात सरांचा व्यायाम होतो, मुलाचा फटका तसाच राहतो. त्यापेक्षा साठ-सत्तर चेंडूंची टोपली घेऊन आधी हाताने, जवळून चेंडू द्यावा. पावले आणि चेंडू लागण्याची जागा बसली की नेटपलीकडून रॅकेटने द्यावा. दिशा बदलणे त्यानंतर. एका वेळी एकच दुरुस्ती. चुकीची पकड रोज हजार फटक्यांनी आणखी पक्की होते.

मैदान व हवामान : आखाड्याची माती उकरून मऊ ठेवतात; कोर्टाची माती पाणी मारून, रोलर फिरवून घट्ट बसवतात. ओल अति असताना रोलर फिरवला तर माती त्याला चिकटून पोपडे निघतात, कोरडीवर फिरवला तर नुसती धूळ उडते. बोटाने दाबल्यावर ठसा उमटावा पण माती बोटाला लागू नये, ही वेळ बरोबर. खेळ संपल्यावर माती सारखी करायला कोर्टावरून जाळी ओढायची, रेषा झाडायच्या. हे काम संघाकडूनच करून घेतलेले बरे.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच. अति उंचीसाठीचे खास चेंडू १,२१९ मीटरच्या वर वापरतात, त्यामुळे इथे नेहमीचेच चालतात. किनाऱ्यावरून आलेल्या खेळाडूला मात्र चेंडू किंचित लांब जातो असे वाटते. जून ते सप्टेंबर मातीचे कोर्ट जवळजवळ बंदच. त्या काळात दोरीउड्या, रबर बँडने खांद्याचे व्यायाम, भिंतीवरचा सराव चालू ठेवावा. ते टाळून पाऊस उघडताच पहिल्याच दिवशी शंभर सर्व्हिस मारायला लावल्या, की आठवड्याभरात खांदे दुखू लागतात आणि निवड चाचणीला अर्धा संघ बाकावर बसतो. पहिल्या आठवड्यात तीस पुरेत, पुढे दर आठवड्याला दहा-पंधरा वाढवाव्यात.

स्पर्धा : बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाशी (स्थापना २०१०) संलग्न महाविद्यालयांतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो व तो भारतीय विद्यापीठ महासंघाच्या (विद्यापीठांची देशव्यापी संघटना) आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरतो. संघात मराठी आणि कन्नड बोलणारी मुले असतात. सूचना दोन्ही भाषांत, गुण इंग्रजीत. दुहेरीच्या जोड्या लावताना दोघांची सामाईक भाषा पाहावी : मध्ये पडणाऱ्या चेंडूवर ‘माझा’ की ‘नंदू’ (कन्नडमध्ये ‘माझा’) ओरडायचे, हे आधी ठरले नसेल तर दोघेही थांबतात.