डोळ्याच्या सुजेच्या ट्रायलमध्ये जाताय? सूज परत आली तर काय, हे आधी विचारा

युव्हेआयटिस म्हणजे डोळ्याच्या आतल्या, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या थराला येणारी सूज. संसर्गामुळे आली असेल तर त्या संसर्गावर औषध देता येतं, पण बऱ्याच जणांना संसर्ग नसतोच, स्वतःची प्रतिकारशक्तीच डोळ्यावर उलटलेली असते, मग स्टेरॉइड चालू होतं, सूज उतरते, डोस कमी केला की पुन्हा धूसर दिसायला लागतं, उजेड सहन होत नाही, आणि परत डोस वाढवायचा. हे वर्षानुवर्षं चाललं तर स्टेरॉइडमुळेच मोतीबिंदू होतो, डोळ्याचं प्रेशर वाढतं, शुगर वाढते, हाडं ठिसूळ होतात. म्हणून स्टेरॉइडवाचून सूज धरून ठेवणारं औषध शोधणं चालू आहे, आणि असं औषध पेशंटवर ठरलेल्या पद्धतीने तपासून बघतात त्याला ट्रायल म्हणतात.

आणि इथेच एक गोष्ट आहे जी पेशंटला नीट, बसून सांगायला हवी असं मला मनापासून वाटतं. अशा बऱ्याच ट्रायलमध्ये स्टेरॉइड ठरवून कमी करत नेतात आणि सूज कधी परत येते तेच मोजतात. अ‍ॅडालिमुमॅब या प्रतिकारशक्ती आवरणाऱ्या इंजेक्शनची व्हिज्युअल-१ ही ट्रायल घ्या, २०१६ मध्ये तिचे निकाल छापून आले. सगळ्यांना आधी रोज ६० मिलिग्रॅम प्रेडनिसोन हे स्टेरॉइड दिलं, मग ते उतरवत १५व्या आठवड्यापर्यंत पूर्ण बंद. प्लासिबोवाल्या (म्हणजे औषधासारखंच दिसणारं पण औषध नसलेलं दिलेल्या) गटात निम्म्या जणांचे उपचार फेल व्हायला १३ आठवडे लागले, औषधवाल्यांत २४. म्हणजे औषध खरंच उपयोगी पडलं, पण सूज त्याही गटात बऱ्याच जणांची परत आली. फेल म्हणजे काय हेही आधीच ठरलेलं होतं: चार्टवर १५ अक्षरं कमी वाचता येणं, डोळ्यात तरंगणाऱ्या सुजेच्या पेशी दोन पायऱ्यांनी वाढणं, नवीन डाग दिसणं असं काहीतरी. असं झालं की त्या पेशंटला पुढच्या टप्प्यात जाता येत होतं, तिथे सगळ्यांना खरं औषध मिळत होतं.

त्यामुळे सही करायच्या आधी विचारायचा पहिला प्रश्न हाच: माझी सूज परत आली तर कुठल्या पातळीला तुम्ही थांबणार, आणि मग मला काय देणार? सूज परत आल्यावर देतात त्या उपचाराला रेस्क्यू म्हणतात, ते कन्सेंट फॉर्ममध्ये (संमतीपत्रात) लिहिलेलं असायला हवं, नसेल तर सही करू नका, फॉर्म घरी न्या, आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा.

आत घेण्याआधी तपासण्या होतात. रक्त, छातीचा एक्स-रे, टीबी, हिपॅटायटिस, बायकांची प्रेग्नन्सी टेस्ट. टीबीवर एवढा भर का, तर अ‍ॅडालिमुमॅबसारखी औषधं शरीरात झोपलेला टीबी जागा करू शकतात आणि शिवाय टीबीमुळेसुद्धा डोळ्याला अशी सूज येते, त्यामुळे ते आधी बघावंच लागतं. यात कुठे बसला नाहीत तर नाव बाद होतं, तुमचं काही चुकलं असं समजू नका.

प्रत्येक व्हिजिटला वेळ काढून जा. चार मीटरवरचा चार्ट, एका ओळीत पाच अक्षरं, एकेक अक्षर मोजतात, अंदाजाने सांगायलाही लावतात, लाजू नका. मग प्रेशर, मग बाहुली मोठी करायचे ड्रॉप्स (घरी परतताना गाडी चालवू नका, कुणीतरी सोबत हवं, गॉगल ठेवा). पण ड्रॉप्सच्या आधी स्लिट लॅम्पखाली (उजेड टाकून डोळा मोठा करून बघायचं यंत्र) खरं काम होतं: डॉक्टर एक मिलिमीटर रुंद, एक मिलिमीटर उंच असा उजेडाचा पट्टा डोळ्यात सोडतात आणि त्यात तरंगणाऱ्या पेशी मोजतात, कवडशात धूळ दिसते तशा त्या दिसतात. एकही नाही म्हणजे शून्य, ६ ते १५ म्हणजे १+, १६ ते २५ म्हणजे २+, पन्नासच्या वर ४+. तुम्हाला काही जाणवत नसतानाही हा आकडा वाढलेला असू शकतो, म्हणून डोळा बरा वाटतोय म्हणून व्हिजिट चुकवायची नाही. मागच्या पडद्याची सूज ओसीटी स्कॅनवर (उजेडाने पडद्याचे थर दाखवणारा फोटो) कळते, त्यात दुखत नाही. कधी हातातून पिवळा डाय देऊन फोटो काढतात, नंतर लघवी गडद पिवळी-केशरी होते, कातडीही थोडी पिवळट दिसते, एक-दोन दिवसांत जातं.

तुम्हाला औषध मिळतंय की प्लासिबो हे सहसा डॉक्टरांनाही माहीत नसतं. मात्र एक वेगळी समिती मधूनमधून आकडे बघत असते. लहान मुलांच्या संधिवातातल्या युव्हेआयटिसवर सिकामोर नावाची ट्रायल झाली, ९० मुलं होती, मेथोट्रेक्सेट हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सगळ्यांनाच आणि काहींना जोडीला अ‍ॅडालिमुमॅब, फरक इतका स्पष्ट दिसला की नवीन मुलं घेणं ठरल्यापेक्षा आधीच थांबवलं. त्याच वेळी औषधवाल्या मुलांमध्ये साइड इफेक्ट जास्त होते हेही दिसलं, तेव्हा ताप, खोकला, पुरळ काहीही असो, कोऑर्डिनेटरला (ट्रायलमध्ये तुमच्याशी संपर्क ठेवणाऱ्या माणसाला) त्याच दिवशी फोन करा आणि दुसरीकडून कुठलं औषध किंवा ड्रॉप्स घेतलेत तर तेही सांगा. रात्री-अपरात्री कुणाला फोन करायचा तो नंबर आधीच घेऊन ठेवा.

ट्रायल संपल्यावर औषध चालू राहणार का आणि त्याचा खर्च कुणाचा, हेही सही करतानाच विचारून घ्या. मधेच सोडायची असेल तर कधीही सोडता येते, कारण द्यावं लागत नाही. फक्त गोळ्या एकदम बंद करू नका, बरेच दिवस चालू असलेलं स्टेरॉइड अचानक थांबवलं तर जिवावर बेतू शकतं, डॉक्टरांना सांगून डोस उतरवत न्या आणि शेवटची तपासणी तेवढी करून घ्या.