एनडी की पोलरायझर? दोन काळपट काचा, कामं मात्र वेगळी

हातात घेतल्या तर एनडी (न्यूट्रल डेन्सिटी) आणि पोलरायझर या दोन्ही फिल्टर-काचा सारख्याच वाटतात. काळपट, गोल, लेन्सच्या तोंडावर आट्यांनी बसणाऱ्या. म्हणूनच पहिला माहितीपट करणारे पुष्कळजण एकीच्या जागी दुसरी घेऊन येतात. मीही तेच केलं होतं.

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या एका व्यायामशाळेत पुरलेला मल्लखांब चित्रित करायचा होता. भर दुपार, मोकळं मैदान आणि बॅगेत फक्त पोलरायझर. काच काळी आहे, म्हणजे ऊन आवरेल, असं मी धरून चाललो.

हिशोब असा. सेकंदाला २५ फ्रेम घेत असाल तर शटर १/५० सेकंद ठेवायचं. मग हालचाल डोळ्याला जशी दिसते तशीच, किंचित ओघळल्यासारखी उमटते. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) १०० वर कडक उन्हात त्यासाठी लेन्सचं छिद्र एफ/२२ पर्यंत आवळावं लागतं. मला एफ/४, म्हणजे मोठं छिद्र हवं होतं, मागची भिंत पुसट व्हावी म्हणून. म्हणजे पाच स्टॉप उजेड कमी करायचा. प्रत्येक स्टॉपला उजेड निम्मा होतो, तेव्हा पाच स्टॉपला उरतो ३२वा हिस्सा. पोलरायझर कमी करतो जेमतेम एक ते दोन स्टॉप. उरलेलं ऊन आवरायला मी शटर १/५०० च्याही पुढे नेलं. फ्रेम एकेक सुटी बघितली तर लखलखीत, पण मुलांच्या उड्या तुटक तुटक दिसल्या. एडिटिंगला बसून ते दुरुस्त झालं नाही.

तिथे एनडी३२ हवा होता. एनडी सगळ्या रंगांचा उजेड सारखाच कमी करतो आणि त्यापलीकडे काहीही करत नाही. हाच त्याचा गुण. (स्वस्तातल्या काही काचा तांबूस झाक देतात, म्हणून पांढऱ्या कागदावर तपासून घ्या.) पाकिटावर कधी एनडी८ (उजेड आठवा हिस्सा) लिहिलेलं असतं, कधी ०.९ (दर स्टॉपला ०.३). दोन्हींचा अर्थ तीन स्टॉप. एनडी६४ म्हणजे १.८, सहा स्टॉप.

पोलरायझर उजेड निवडून अडवतो. पाणी, काच, तेलकट लाकूड यांच्यावरून परावर्तित झालेला प्रकाश बराचसा एकाच दिशेत कंप पावतो. काच फिरवली की तेवढाच अडतो. सूरसागरच्या काठावरून पाण्याकडे साधारण ३७ अंशांच्या उतारानं पाहा आणि कडं फिरवा: चकाकी विरते, पाण्याचा खरा रंग वर येतो. सयाजीबागेतल्या संग्रहालयासारख्या ठिकाणी काचेच्या कपाटांसमोरही हीच युक्ती, फक्त परवानगी घेऊन. उघड्या धातूची चमक मात्र यानं जात नाही. आणि घामानं चकाकणाऱ्या पाठीवर पोलरायझर लावू नका, असं मी कळकळीनं सांगेन. ती चमक गेली की अंग निर्जीव दिसतं, आणि आपण तर ती मेहनतच दाखवायला गेलेलो असतो.

गोंधळात भर घालतो तो व्हेरिएबल एनडी. त्याच्या आत दोन पोलरायझर एकमेकांवर फिरतात, म्हणून उजेड कमीजास्त करताना पाण्याची, आभाळाची चमकही बदलते. फार आवळला तर चित्रावर काळी फुली उमटते. तरी गल्लीतल्या सावलीतून उन्हात माणसामागे चालायचं असेल, तर दोन ते पाच स्टॉपचा व्हेरिएबल एनडीच सोयीचा.

दुकानात ओळखायचं कसं? काच कॅमेऱ्यासारखी डोळ्यापुढे धरून पांढऱ्या भिंतीकडे पाहत पुढचं कडं फिरवा. गडद-फिकं होत गेलं तर व्हेरिएबल एनडी. काहीच बदललं नाही, तर लॅपटॉपच्या एलसीडी पडद्याकडे पाहत पुन्हा फिरवा. पडदा काळवंडला की पोलरायझर. तसाच राहिला तर साधा एनडी.

पैसे एकाच काचेपुरते असतील तर एनडी घ्या. माणसांवरच्या माहितीपटात पोलरायझर क्वचित लागतो, एनडी रोज दुपारी लागतो. काच ७७ मिमी व्यासाची घ्या आणि ४९, ५५, ६७ च्या लेन्सना स्टेप-अप रिंगा (लहान तोंडाच्या लेन्सवर मोठी काच बसवणारी कडी) लावा. लेन्सगणिक नवी काच घेण्यापेक्षा त्या रिंगा फार स्वस्त पडतात.